एका दिवसासाठी शहाऐंशी पावसाळे

पाच माणसांचं एक घर घेऊ. नवी मुंबईतल्या एखाद्या गावठाणातलं, पन्नास चौरस मीटर जागेवर उभं असलेलं. शहरांच्या पाणीपुरवठ्याचा सरकारी हिशेब माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतो आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतो. म्हणजे या घरातून रोज ५४० लिटर. घरात पाण्याचं एखादं मोठं पिंप असलं तर तेवढ्यात ते भरून जाईल. आकडा डोळ्यांत भरण्यासारखा नाही.

आता त्या ५४० लिटरच्या आत पाहू. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म जंतू एक कोटीच्या घरात सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. पाणी निदान आंघोळीच्या लायकीचं असायचं तर तेवढ्याच पाण्यात ते ५०० पेक्षा जास्त नसावेत, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अपेक्षा आहे. एक कोटीवरून ५०० वर यायचं म्हणजे वीस हजार पट पातळ करायचं. ५४० लिटर वीस हजार पट पातळ करायला १ कोटी ८ लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. त्या घराच्या पन्नास चौरस मीटरवर एका पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर सव्वा लाख लिटर पाणी जमतं. भागाकार केला की उत्तर येतं ८६. एका घराचं एका दिवसाचं सांडपाणी केवळ पावसाच्या पाण्यानं आंघोळीपुरतं स्वच्छ करायचं, तर त्या घरावर पडलेले शहाऐंशी पावसाळे साठवून ठेवावे लागतील. आणि उद्या सकाळी आणखी शहाऐंशी.

प्रत्यक्षात खाडीत किंवा ओढ्यात असं घडत नाही, हे लगेच सांगायला हवं. ऊन, खारं पाणी आणि इतर सूक्ष्मजीव यांच्यापुढे हे जंतू काही दिवसांत मरतात. त्यामुळे हा हिशेब खाडीचं वर्णन नाही. घराच्या मोरीतून आणि संडासातून जे बाहेर पडतं त्याची ताकद किती, हे मोजायचं ते माप आहे. तरीही हे माप मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मैल्याच्या बाबतीत आपली नजर नेहमी फसते. डोळ्यांना लिटर दिसतात, टँकर दिसतात, पाइपचा व्यास दिसतो. धोका मात्र ज्या एककात असतो ते दिसत नाही. युनिसेफनं वर्षानुवर्षं सांगितलेला आकडा असा, की एक ग्रॅम विष्ठेत एक कोटी विषाणू, दहा लाख जिवाणू, हजारभर परजीवींचे कोष आणि शंभर जंतांची अंडी असू शकतात. एक ग्रॅम. आणि रोटाव्हायरससारख्या विषाणूचे शंभरहून कमी कणसुद्धा एखाद्या बाळाला आजारी पाडायला पुरतात.

ही ताकद जमिनीखाली जिथे कोंडून ठेवायची, ती जागा म्हणजे आपली सेप्टिक टाकी. पाच माणसांच्या घरासाठी भारतीय मानकात सुचवलेली सर्वांत लहान टाकी जेमतेम ११०० लिटरची, म्हणजे दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. मैलापाणी तिच्यात दिवस-दोन दिवस मुक्काम करतं. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं गढूळ पाणी पुढच्या नळीतून शोषखड्ड्यात जातं. टाकीचं काम एवढंच. सेंद्रिय घाणीचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा, ती अडवते. जंतूंच्या बाबतीत तिनं दहातले नऊ मारले असं उदारपणे धरलं तरी आपल्या घराच्या हिशेबात शहाऐंशीचे साडेआठ पावसाळे उरतात, रोजचे. उरलेलं काम मातीनं करायचं असतं. शोषखड्ड्याभोवतीची कोरडी, सच्छिद्र, हवा खेळती असलेली माती हे खरं मलशुद्धीकरण केंद्र, आणि टाकी ही त्याची ओसरी. कित्येक घरांत तर टाकीला धड तळही नसतो, नुसता दगडी किंवा विटांचा खड्डा असतो. मग ओसरीही नाही.

आणि नवी मुंबईला तशी माती फार थोड्या ठिकाणी लाभली आहे. एका बाजूला पारसिकची टेकडी, दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी, आणि मधला पट्टा भातखाचरांचा, मिठागरांचा, खाजणांचा, भराव टाकून उचललेला. खाली चिकणमाती, तिच्या खाली खाडीचं पाणी, आणि पावसाळ्यात ते पाणी जमिनीच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ. अशा जागी जून ते सप्टेंबर शोषखड्डा काहीही शोषत नाही. उलट बाहेरचं पाणी आत येतं, टाकी भरून वाहते, आणि जे मातीत मुरायला हवं होतं ते गल्लीच्या गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातं. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की गटाराचं पाणी अंगणात येतं. गावठाणात राहणाऱ्यांना हे पुस्तकातून कळावं लागत नाही.

एका घराचा हिशेब आता शहराला लावू. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत सुमारे ११ लाख २० हजार माणसं होती. आज ती कितीतरी जास्त आहेत, पण मोजलेला आकडा धरू. माणशी १०८ लिटरप्रमाणे रोज १२ कोटी लिटर सांडपाणी झालं. ते वीस हजार पट पातळ करायला २ लाख ४२ हजार कोटी लिटर पाणी लागेल. महापालिकेच्या सुमारे ११० चौरस किलोमीटर क्षेत्रावर अख्ख्या पावसाळ्यात पडणारा पाऊस २७ हजार कोटी लिटरच्या आसपास भरतो. म्हणजे शहराच्या एका दिवसासाठी शहरावर पडणारे नऊ पावसाळे. खालापूरजवळचं मोरबे धरण नवी मुंबईचा अभिमान आहे, कारण स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका फार थोड्या. ते काठोकाठ भरलं की १९ हजार कोटी लिटर पाणी साठतं. तशी बारा-तेरा मोरबे धरणं रोज लागतील.

धुऊन टाकणं हा उपाय असूच शकत नाही, हे इतक्या आकड्यांनंतर वेगळं सांगायला नको. घाण गोळा करून तिच्यावर प्रक्रियाच करावी लागते, आणि ते काम या शहरानं मनापासून केलं आहे. १७ मार्च १९७० ला हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली तेव्हापासून इथल्या नोडांच्या, म्हणजे नियोजित वसाहतींच्या, आराखड्यात मलवाहिन्या होत्या. १ जानेवारी १९९२ ला महापालिका आली आणि पुढे तिनं मलप्रक्रिया केंद्रांची साखळी उभी केली. वाशी आणि नेरुळची केंद्रं प्रत्येकी दहा कोटी लिटरची, ऐरोलीचं आठ कोटींचं, शिवाय कोपरखैरणे, घणसोली, सानपाडा, बेलापूर. सगळी मिळून रोज ४५ कोटी लिटरच्या आसपास क्षमता. मोरब्याहून रोज आणता येणारं पाणीही तेवढंच, ४५ कोटी लिटर. मोठ्या हौदांत हवा फुंकायची, जिवाणूंना घाण खाऊ द्यायची, मग हवा थांबवून त्यांना तळाशी बसू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं, हे चक्र तिथे दिवसरात्र चालतं. ऐरोली आणि कोपरखैरण्याला त्याच्या पुढची पायरी म्हणून प्रत्येकी दोन कोटी लिटर पाणी आणखी गाळून कारखान्यांना देण्याची यंत्रणाही उभी राहिली.

देशाच्या चित्राशी ताडून पाहिलं की याची किंमत कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे भारतातल्या शहरांतून रोज ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी निघत होतं आणि प्रक्रिया होत होती २,०२३ कोटी लिटरवर. शंभरातलं अठ्ठावीस. महाराष्ट्राचं सांडपाणी रोज ९१० कोटी लिटर आणि उभारलेली क्षमता ६८९ कोटी. या रांगेत नवी मुंबई पुष्कळ पुढे आहे. म्हणूनच तिच्याकडून पुढची अपेक्षा करावीशी वाटते. जिथे अजून मोठी केंद्रंच नाहीत तिथे सुट्या टाक्यांबद्दल बोलणं घाईचं ठरेल. इथे मात्र आता नेमकं त्यांच्याचबद्दल बोलायला हवं.

कारण जंतू हा केवळ एक हिशेब झाला. दुसरा प्राणवायूचा आहे, आणि तो मासळीच्या जिवाशी येतो. आपल्याकडच्या नियोजनात माणशी रोज २७ ग्रॅम प्राणवायूची मागणी धरतात. म्हणजे एका माणसाची एका दिवसाची घाण कुजताना पाण्यातला २७ ग्रॅम प्राणवायू खाते. २७ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण खाडीच्या उबदार खाऱ्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू असतो जेमतेम ६ मिलिग्रॅम. एका माणसाची एका दिवसाची घाण साडेचार हजार लिटर पाणी पार निष्प्राण करू शकते. आपलं पाच माणसांचं घर, साडेबावीस हजार लिटर. टाकीनं निम्मी घाण अडवली असं मानलं तरी अकरा हजार लिटर, रोज. अकरा लाख वीस हजार माणसं धरली तर रोज तीस टन प्राणवायू आणि पाचशे कोटी लिटर खाडी. मासळीला जगायला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतात, त्यामुळे पाणी निष्प्राण व्हायच्या कितीतरी आधीच ती निघून जाते किंवा मरते. दिवाळे, सारसोळे, वाशी, घणसोली इथल्या कोळी-आगरी घरांतल्या जुन्या माणसांना खाडीत काय काय मिळायचं ते विचारावं. निवट्या, कोळंबी, चिंबोरी, बोय, कालवं. ही नावं आता ते भूतकाळात घेतात. त्यामागे कारखान्यांचं रसायन आहे, भराव आहे, पूल आहेत. आणि हा प्राणवायूही आहे.

तिसरा हिशेब खताचा. भारतीय आहारावर जगणारा माणूस वर्षाला साधारण ३ किलो नायट्रोजन शरीराबाहेर टाकतो, त्यातला बहुतेक लघवीतून. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन असतो २०.७ किलो. म्हणजे पाच माणसांचं घर वर्षाला पाऊण गोणी युरिया जमिनीखाली सोडतं, आणि नवी मुंबई शहर वर्षाला १ लाख ६२ हजार गोण्या, रोजच्या ४४५. सेप्टिक टाकी याला जवळजवळ हातच लावत नाही, कारण तो पाण्यात विरघळलेला असतो. पनवेल-उरणच्या ज्या गावांत आजही विहीर आणि बोअरवेल वापरात आहे तिथे हा नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. एका घराचा सगळा नायट्रोजन नायट्रेट झाला तर वर्षाला सुमारे १५ लाख लिटर भूजल त्या मर्यादेच्या काठावर जाऊन उभं राहतं. खाडीत हेच खत शेवाळ वाढवतं. ठाणे खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली, २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. या पक्ष्यांचं खाद्य असलेल्या शेवाळाला शहराच्या सांडपाण्याचा हातभार आहे, असं अभ्यासक सांगत आले आहेत. म्हणून कुणी सांडपाण्याचं समर्थन करू नये. पक्षी पोसणारं पाणी आणि मासळी गुदमरवणारं पाणी यांच्यात फरक केवळ मात्रेचा असतो.

टाकी आणि विहीर यांच्या शेजाराचं सगळ्यांत भयंकर उदाहरण लंडनचं आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घरात एका तान्ह्या मुलीला जुलाब सुरू झाले. आईनं तिची लंगोटी धुतली आणि ते पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं. खड्ड्याच्या विटा झिजल्या होत्या आणि सार्वजनिक पंपाची विहीर होती तीन फुटांच्या आत. कॉलऱ्याच्या त्या साथीत ६१६ माणसं दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांच्या आग्रहावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. नंतर खोदून पाहिलं तेव्हा खड्ड्यातून विहिरीकडे जाणारी ओल सापडली, हे फारसं कुणी सांगत नाही. एक खड्डा, एक लंगोटी, तीन फूट माती.

मग नवी मुंबईत टाक्या उरतात कुठे? याचं उत्तर शहराच्या जन्मात आहे. सिडकोनं ९५ गावांची शेतं, मिठागरं, खाजणं घेतली. गावठाणं मात्र आराखड्याच्या कुंपणाबाहेर राहिली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शहरासाठी ज्यांनी जमीन दिली त्यांच्या घरांच्या आधी सेक्टरांतल्या सोसायट्यांना ड्रेनेज लाइन मिळाली, ही गोष्ट मला अजूनही बोचते. पुढे महापालिकेनं गावठाणांत लाइन नेल्या. पण तोवर गावठाणं वर आणि आडवी वाढली होती. कौलारू घरांच्या जागी चार-चार मजले आले, दोन भिंतींमधून एक माणूस जेमतेम जाईल अशा गल्ल्या झाल्या. लाइन गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते, आतल्या घराची टाकी तशीच राहते. टेकडीच्या उतारावरच्या वस्त्यांत, महापालिकेच्या हद्दीबाहेर पनवेल-उरणच्या खेड्यांत आणि तिथे झपाट्यानं उठणाऱ्या चाळी-बंगल्यांत टाकी हाच आजही घरबांधणीचा रिवाज आहे.

लाइन न्यायची म्हणजे काय, याचाही आकडा आहे. घाण तळाला बसू नये म्हणून पाइपातलं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगानं वाहायला हवं. त्यासाठी बारीक पाइपाला दोनशे मीटरमागे एक मीटर उतार द्यावा लागतो. किलोमीटरभर गेलात की पाच मीटर खोल. समुद्रसपाटीला टेकलेल्या सपाट जमिनीत पाच मीटर खोल चर म्हणजे पाण्यात खोदकाम, शेजारच्या भिंतींना धोका, आणि पुढे पंपिंग स्टेशन. तीन फुटी गल्लीत जेसीबी जात नाही. हे काम कुदळ-फावड्यानं, घरमालकांशी एकेक करून बोलून, कुणाची पायरी तोडून आणि परत बांधून देऊनच होतं.

तिथे गाळ उपसणारी सक्शनची गाडीही जात नाही, आणि गेली तरी प्रश्न संपत नाही. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, असं प्रत्येक नियमावली सांगते. टाकी तुंबल्यावर बोलवायचं, ही रीत. उपसलेला गाळ साध्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पट तीव्र असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं त्याची प्राणवायूची सरासरी मागणी लिटरमागे ६,४८० मिलिग्रॅम दिली आहे. चार हजार लिटरचा एक टँकर रात्री नाल्यात रिकामा झाला, तर २६ किलो प्राणवायू एका ठिकाणी, एका वेळी संपतो. साडेनऊशे माणसांची दिवसभराची घाण पाच मिनिटांत. शेतात ओतला तर आणखी वेगळं संकट. जंताची एक मादी दिवसाला दोन लाख अंडी घालते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

आणि गाडी पोचत नाही तिथे माणूस उतरवतात. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. अगदी थोडा असताना कुजक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर-दीडशे भाग झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि खाली उतरणाऱ्याला वाटतं, हवा सुटली. हजार भागांना माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. हजार भाग म्हणजे एक घनमीटर हवेत एक लिटर वायू. डिसेंबर २०१९ मध्ये वाशीच्या खाडीपुलापलीकडे, गोवंडीत, एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार असेच गेले. त्यांच्या पत्नींना प्रत्येकी दहा लाख द्यावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२१ मध्ये आदेश द्यावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाख केली. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. त्यामुळे टाक्यांचा प्रश्न केवळ पाण्याचा नाही. जी टाकी नाहीशी होते तिच्यात कुणाला उतरावं लागत नाही.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे, हे आपण विसरतो. कोकणचे गांधी म्हटले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारा स्वस्तातला संडास लोकांपुढे ठेवला. देहूला डॉक्टर म्हणून गेलेले सुहास मापुसकर मैल्यावर चालणाऱ्या ‘मलप्रभा’ बायोगॅससाठी आणि घराघरांतल्या संडासांसाठी आयुष्यभर राबले. २०१७ ची पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली. मैल्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न दोघांनीही घराच्या उंबरठ्यावर सोडून दिला नाही.

त्यांचा वारसा आज मला वाईत दिसतो. कृष्णाकाठच्या या गावात ड्रेनेज लाइनचं जाळं नाही, टाक्या आहेत. नगरपालिकेनं अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं २०१८ मध्ये ठरवलं, की टाकी तुंबायची वाट पाहायची नाही. गावाचे भाग पाडायचे आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी वेळापत्रकाप्रमाणे उपसायची. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही तीच वाट धरली. उपसलेल्या गाळासाठी दोन्हीकडे रोज ७० हजार लिटरची प्रक्रिया केंद्रं आहेत. वाईची लोकसंख्या २०११ मध्ये ३६ हजार होती. घरटी पाच माणसं आणि वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर दिवसाला आठ टाक्या उपसल्या की तीन वर्षांत गाव पुरं होतं.

श्रीमंत देशांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर ८८ हजार घरगुती मैलाखड्डे होते आणि त्यांतून रोज ५ कोटी ३० लाख गॅलन, म्हणजे वीस कोटी लिटर कच्चं मैलापाणी ज्वालामुखीच्या भेगाळ खडकात मुरत होतं. २०१७ मध्ये तिथे कायदा झाला, की २०५० पर्यंत बहुतेक सगळे खड्डे बदलायचे. त्यांनी स्वतःला तेहेतीस वर्षं दिली.

आता नवी मुंबईच्या उरलेल्या कामाचा हिशेब. समजा, शहरातलं ९९ टक्के सांडपाणी केंद्रांत पोचलं आणि तिथे पुरतं शुद्ध झालं. एक टक्का बाहेर राहिला. माणसांच्या भाषेत ११,२०० लोक, सुमारे २,२४० घरं. हा टक्का कच्चा वाहिला तर तो पातळ करायला रोज २,४२० कोटी लिटर पाणी लागेल, म्हणजे दर आठ दिवसांना एक भरलेलं मोरबे. टाक्यांनी दहातले नऊ जंतू मारले असं मानलं, तरी वर्षाला साडेचार मोरबे. ९९ टक्के ही परीक्षेत शाबासकी मिळवणारी टक्केवारी आहे, पण मैल्याच्या गणितात शेवटचा टक्का एवढा जड असतो. आणि वाईच्या वेगानं मोजलं तर त्या २,२४० टाक्यांचं काम दिवसाला अडीच टाक्यांचं आहे. एका बाजूला दर आठवड्याला एक धरण, दुसऱ्या बाजूला दोन गाड्या आणि काही जाणकार माणसं. सगळ्या नगरनियोजनात इतकं स्वस्त काम मला दुसरं दिसत नाही.

नुसतं उपसून भागणार नाही, कारण उपशानं गाळ जातो, रोजचे ५४० लिटर जात नाहीत. जिथे खोल लाइन नेता येत नाही अशा गल्ल्यांसाठी एक मधली वाट आहे. टाकी ठेवायची, गाळ तिच्यातच बसू द्यायचा, आणि निवळलेलं पाणी तेवढं कमी व्यासाच्या, उथळ पाइपातून मुख्य चेंबरपर्यंत न्यायचं. गाळ नसल्यामुळे पाइपाला फार उतार लागत नाही, हातानं खणलेला चर पुरतो. अट एकच, उपसा वेळच्या वेळी व्हायला हवा, नाहीतर गाळ पाइपात उतरतो. आणि जोडणीचा खर्च घरमालकावर टाकू नये. लाइनचा मोठा खर्च सगळ्या शहराचा असतो, मग शेवटच्या दहा मीटरचा एकट्या घराचा का असावा? त्या दहा मीटरवरच तर लोक थांबतात.

पूर्ण लाइन जोडली गेली की जुन्या टाकीचं काय करायचं, हे मात्र ठेकेदाराकडून जोडणीच्या वेळीच करून घ्यावं. नुसती झाकून ठेवलेली टाकी क्युलेक्स डासांची पैदास करते, आणि हा डास हत्तीरोगाचा वाहक आहे. दोन मीटर लांब, दीड रुंद, दीड खोल अशी रिकामी टाकी पावसाळ्यात भूजलानं वेढली गेली की पाणी तिला साडेचार टनांच्या जोरानं वर रेटतं. तळ फुटतो, वरची फरशी उचलली जाते. म्हणून गाळ पूर्ण उपसून घ्यायचा, चुना टाकायचा, पाणी अडकू नये म्हणून तळाला भोकं पाडायची, आणि दगडमाती, वाळू वरपर्यंत ठासून भरायची. माणूस आत न उतरवता.